पलटणीचा घरचा डॉक्टर

कामं आवरली का? आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे. आपल्या भागात दर दोन-चार घरांमागं एक माणूस फौजेत आहे, तेव्हा तो तुमच्या माझ्या घरातलाच म्हणायचा.

त्याचं असं झालं. गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एका वहिनीनं विषय काढला. तिचे मालक फौजेत हवालदार. महिनाभराची सुट्टी काढून ते चार दिवसांपूर्वी लडाखला परत पोचले होते. सकाळी फोनवर म्हणाले, "डोकं जड आहे, रात्री झोप लागत नाही. होईल बरं." वहिनीनं विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?" तर म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला? उगाच कागदावर नाव लागतं."

वहिनी मला म्हणाली, "ताई, तिथं डॉक्टर तरी कसला असतो हो? आपल्या गावातल्या डॉक्टरसारखा, की गोळी लागल्यावरच बघणारा?"

शेजारी एका काकूंची बारावीतली मुलगी बसली होती. ती लगेच म्हणाली, "आणि तसला डॉक्टर व्हायचं असेल तर काय शिकावं लागतं?"

मला दोन्हीची उत्तरं नीट देता येईनात. म्हणून आम्ही तिथूनच आमच्या गावातल्या तात्यांकडं गेलो. तात्या सैन्याच्या वैद्यकीय दलातून, म्हणजे आर्मी मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते नर्सिंग असिस्टंट होते. निम्मी नोकरी त्यांनी पलटणीच्या डॉक्टरच्या हाताखाली काढली. त्यांनी सांगितलं ते, आणि नंतर मी वाचून, विचारून घेतलं ते, आज तुम्हाला सांगते.

आठशे माणसांचा एक डॉक्टर

आपल्या गावचा जुना डॉक्टर आठवा. ताप आला की तो आधी विचारायचा, "विहिरीचं पाणी पिता का? घरात अजून कुणाला आहे?" सासूला दमा आहे, नवरा तंबाखू खातो, पोरीचं लग्न लांबलंय, हे सगळं त्याला ठाऊक. औषध देताना तो नुसता रोग बघायचा नाही, घर बघायचा. त्यालाच आपण घरचा डॉक्टर म्हणतो.

पलटणीलाही असाच एक डॉक्टर असतो. त्याला आर.एम.ओ. म्हणतात, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर. पायदळाच्या एका पलटणीत साधारण आठशे माणसं असतात. मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण असो की महार रेजिमेंटची, आर.एम.ओ. तिच्याबरोबरच राहतो. पलटण राजस्थानात गेली की तो राजस्थानात, पलटण बर्फात गेली की तो बर्फात. बहुधा तो कॅप्टन असतो, वय पंचवीस-सत्तावीस. हाताखाली तात्यांसारखे थोडे नर्सिंग असिस्टंट. दवाखाना म्हणजे एम.आय. रूम, नाहीतर डोंगरातला एखादा बंकर.

तो हृदयाचा किंवा मेंदूचा मोठा तज्ज्ञ नसतो. मोठं ऑपरेशन तिथं होतच नाही. खोकला, जुलाब, ताप, पायाला फोड, पाठदुखी, झोप न लागणं, घरची काळजी, हे त्याचं रोजचं काम. आणि एखाद्या दिवशी अचानक गोळीची किंवा सुरुंगाची जखम. म्हणजे घरचा डॉक्टरच, फक्त घर आठशे माणसांचं.

हा डॉक्टर घडतो कसा

यातला मोठा भाग आपल्या पुण्यातच घडतो. सोलापूर रस्त्यावर वानवडीला आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज आहे. सगळे त्याला ए.एफ.एम.सी. म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशीवरून १ मे १९४८ रोजी ते सुरू झालं. आधी तिथं सैन्यात असलेल्या डॉक्टरांचंच पुढचं शिक्षण व्हायचं. बारावीनंतरच्या मुलांना घेऊन एम.बी.बी.एस. शिकवायला सुरुवात झाली ४ ऑगस्ट १९६२ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध झालं. बर्फातल्या लढाईत डॉक्टर किती लागतात आणि त्यांना काय काय यावं लागतं, हे देशाला तेव्हा फार महागात कळलं.

तिथला एम.बी.बी.एस. बाकीच्या कॉलेजांसारखाच. साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष इंटर्नशिप. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. शरीराची रचना, औषधं, बाळंतपण, लहान मुलांचे आजार, सगळं शिकवतात. फरक आहे तो राहण्यात. मुलं-मुली गणवेशात असतात, पहाटे पी.टी. आणि परेड असते, वेळेची शिस्त असते. शिकवणारे बरेच जण पलटणीत आणि सीमेवरच्या दवाखान्यांत राहून आलेले असतात. त्यामुळं पुस्तकातला रोग ते वर्गात पुस्तकासारखा सांगत नाहीत. पदवी झाली की पुढं भूदल, नौदल किंवा हवाई दल.

दुसरी वाट म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून एम.बी.बी.एस. करून मग सैन्यात येणं. असे डॉक्टरही खूप आहेत. त्यांना काही ठरावीक वर्षांच्या नोकरीवर घेतात. पुढं पात्रतेप्रमाणे कायम होण्याची संधी असते.

कुठल्याही वाटेनं आलं तरी नव्या डॉक्टरला लखनौला जावं लागतं. आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र आणि कॉलेज तिथं आहे. तिथं डॉक्टरचा फौजी होतो. नकाशा वाचणं, कवायत, हत्यार चालवणं शिकवतात. आपल्याला वाटेल, डॉक्टरला हत्यार कशाला? तर जिनिव्हा करारानुसार डॉक्टरनं लढाई करायची नसते. स्वतःच्या आणि आपल्या रोग्यांच्या रक्षणापुरतंच हत्यार. आणि जखमी शत्रू हाती आला तर त्याच्यावरही उपचार करायचे, हासुद्धा त्याच कराराचा नियम. तात्या म्हणाले, "जखमेला वर्दीचा रंग नसतो, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवायचे."

आणखी एक गोष्ट तिथं शिकवतात ती मला फार पटली. एकाच वेळी दहा जखमी आले तर आधी कुणाला बघायचं? आपण म्हणू, जो जास्त ओरडतोय त्याला. तसं नाही. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडं जायचं. त्याचा श्वास बघायचा, वाहतं रक्त थांबवायचं. कोण थांबू शकतो, कोण अजिबात थांबू शकत नाही, ही वाटणी काही मिनिटांत करायची. पंचविशीतल्या पोराला किंवा पोरीला हे करावं लागतं, आणि तेही जखमी सगळे ओळखीचे असताना.

लढाईपेक्षा पाणी मोठं

तात्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. "फौजेत माणूस जास्त कशानं आडवा पडतो?" आम्ही म्हणालो, गोळीनं. ते हसले. म्हणाले, "गोळी वर्षातनं एखाद्या दिवशी. पाणी, डास, ऊन आणि थंडी रोज."

जुन्या लढायांत गोळीपेक्षा पटकी, हगवण, मलेरिया आणि विषमज्वरानं जास्त सैनिक गेले आहेत. म्हणून या डॉक्टरचं अर्धं शिक्षण रोग होऊच नये याचं असतं. सकाळी आजारी जवान तपासून झाले की तो लंगर बघायला जातो. आचाऱ्याची नखं, भाजी धुतली का, भांडी कुठं वाळतात, उष्टं कुठं टाकतात. मग संडास. मग पाणी.

पाण्याची गंमत ऐका. आपल्या ग्रामपंचायतीत टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतात ना, तीच पावडर तिथंही. पण किती टाकायची? त्यासाठी हॉरॉक्सची पेटी नावाचं साधन आहे. हॉरॉक्स हा ब्रिटिश फौजेतलाच डॉक्टर. पेटीत सहा पांढरे कप आणि एक काळा कप असतो. काळ्या कपात पावडरचं पाणी तयार करायचं. सहा कपांत तपासायचं पाणी भरायचं. पहिल्या कपात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्ध्या तासानं प्रत्येकात दुसऱ्या औषधाचे थेंब टाकायचे. ज्या कपापासून निळा रंग दिसायला लागेल, तितके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला पुरे. तिसऱ्या कपात निळं आलं तर तीन चमचे. चमचा पेटीतलाच, दोन ग्रॅमचा. वीज नको, प्रयोगशाळा नको. डोंगरातसुद्धा करता येतं.

हे ऐकून आमच्या गटातली एक बाई पटकन म्हणाली, "मग आपल्या टाकीत अंदाजे मूठभर का टाकतात?" प्रश्न रास्त आहे. तो ग्रामसभेत विचारायचं आम्ही ठरवलंय.

डासांचंही तसंच. ईशान्येकडं मलेरिया फार. संध्याकाळ झाली की शर्टाच्या बाह्या खाली, मच्छरदाणी लावलेली. डॉक्टर रात्री बराकीतून फेरी मारून बघतो. राजस्थानात उन्हाचं. कवायतीची वेळ, पाणी किती वेळानं प्यायचं, नव्यानं आलेल्याला उन्हाची सवय होईपर्यंत हलकं काम. थंडीत पायांचं. ओला मोजा पायात राहिला की बोटं सुजतात, काळी पडतात, कधी कापावी लागतात. म्हणून डॉक्टर जवानांची पावलं तपासतो. जिथं माणसाला स्वतःची लाज वाटते, तिथं बघायची सवय या डॉक्टरला लावतात.

डोंगरावरची हवा

आता आपल्या वहिनीच्या फोनकडं येऊ. तात्यांनी "डोकं जड आहे, झोप नाही, चार दिवसांपूर्वी पोचले" एवढं ऐकलं आणि ताठ बसले. म्हणाले, "पोरी, आत्ता फोन लाव. म्हणावं, आजच्या आज एम.आय. रूमला जा."

का बरं? आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि चौक्या त्याच्याही वर. एवढ्या उंचीवर हवा विरळ होते. लेहला एका श्वासात मिळणारा प्राणवायू खालच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. शरीर त्याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात.

म्हणून सैन्यात नियम आहे. साधारण नऊ हजार फुटांवर पोचलं की सहा दिवस थांबायचं. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, मग थोडा चढ. बारा हजारांच्या वर आणखी चार दिवस. पंधरा हजारांच्या वर परत चार. घाई केली तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, झोप उडते. एवढ्यावर थांबलं आणि विश्रांती मिळाली तर बहुतेक जण बरे होतात. पण काहींच्या फुप्फुसात पाणी भरायला लागतं. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळे पडतात, थुंकी गुलाबी फेसाळ येते. काहींच्या मेंदूला सूज येते, माणूस झिंगल्यासारखा चालतो. मग तासांचा खेळ असतो. उपाय एकच मोठा, माणसाला खाली आणणं. तोवर प्राणवायू द्यायचा. खाली नेता येत नसेल तर हवा भरून दाब वाढवता येतो अशा पिशवीत त्याला झोपवतात.

हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. १९६२ च्या सुमारास सपाटीवरचे जवान थेट डोंगरावर चढवले गेले आणि धडधाकट पोरं न लढता आजारी पडली. तेव्हा आपल्याच सैन्यातल्या डॉक्टरांनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या पाहणीवरून लिहिलेला लेख १९६९ साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज जगभर डोंगरावर जाणारे लोक जे शिकतात, त्यातलं पुष्कळ आपल्या जवानांच्या अंगावर बेतलं तेव्हा कळलेलं आहे.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट कान देऊन ऐका. सवय झाली ती कायमची होत नाही. जवान सुट्टीवर घरी आला, महिनाभर आपल्या हातची भाकरी खाल्ली, की डोंगराची सवय मोडते. चार आठवड्यांपेक्षा जास्त खाली राहिला तर परत सगळे दिवस पहिल्यापासून थांबायचं. त्याहून कमी, पण दहा दिवसांच्या वर राहिला तर थोडे कमी दिवस. "मी चार वर्षं तिथं काढलीत, मला काय होतंय?" असं म्हणणारा जुना माणूसच कधी कधी जास्त धोक्यात असतो. आपण घरून निघताना म्हणतो, "दोन दिवस अजून राहा, तिकडं गेल्यावर कामाला लागालच." ते दोन दिवस राहिले तर राहू देत. पण वर पोचल्यावरचे थांबायचे दिवस कापायला लावू नका.

डॉक्टरचे दोन मालक

आता सगळ्यात अवघड भाग. वहिनीचे मालक डॉक्टरकडं का गेले नव्हते? नाव लागेल म्हणून.

सैन्यात दरवर्षी तपासणी होते. तिच्या निकालाला शेप म्हणतात. फौजीच्या घरात हा शब्द माहीत असतो. शेप-वन म्हणजे सगळं ठीक. मनाची स्थिती, कान, हातपाय, अंगातली ताकद आणि डोळे, या पाच गोष्टींची ती पाच अक्षरं. त्यात कमी आलं की "कॅटेगरी लागली" म्हणतात. मग काही ठिकाणी पाठवत नाहीत, बढतीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून जवान दुखणं लपवतो.

गावच्या डॉक्टरचा मालक एकच, समोरचा रोगी. पलटणीच्या डॉक्टरचे दोन. एक तो जवान आणि दुसरी पलटण. जवानाची लाज, त्याची घरची गोष्ट त्यानं पोटात ठेवायची. पण हा माणूस आज पहाऱ्यावर उभा राहायच्या लायक आहे का, हे मात्र कमांडिंग ऑफिसरला खरं सांगायचं. कारण एकाचा तोल गेला तर बाकीच्यांचाही जीव जातो. कधी उलटंही असतं. एखादा खोटंच पोट दुखतंय म्हणतो. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे यंत्रावर दिसत नाही. ते माणूस ओळखीचा असला तरच कळतं. म्हणून डॉक्टरला पलटणीतच ठेवतात. तो त्यांच्याबरोबर चालतो, खेळतो, लंगरात जेवतो. तात्या म्हणाले, "आमचे एक साहेब जवान दारातून आत येतानाची चाल बघूनच सांगायचे, याला ताप नाही, घरून फोन आलाय."

हे शिक्षण कुठल्या वर्गात पुरं होत नाही. ते पलटणीतच होतं, आणि त्यात जवानाइतकाच आपलाही हात असतो. कारण आपण माणसं घरून काय म्हणतो? "लपव, नाहीतर बढती जाईल." खरं तर बहुतेक दुखण्यांना दोन-चार दिवसांचा आराम पुरतो. कॅटेगरी लागली तरी पुष्कळदा काही आठवड्यांची तात्पुरती असते, परत तपासून काढतात. लपवलेलं दुखणं मात्र कायमचं होऊ शकतं.

मनाचंही तेच. पाच अक्षरांतलं पहिलं अक्षर मनाचं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. जमिनीचा वाद, कर्ज, सासू-सुनेची भांडणं, पोराची नापास व्हायची बातमी, सगळं आपण फोनवर सांगतो. सांगावंच लागतं, ते घरचे आहेत. पण तो माणूस गप्प गप्प झाला, तुटक बोलायला लागला, "आता काय उपयोग" असं म्हणायला लागला, तर ते तिथल्या डॉक्टरला कळलं पाहिजे. "तुमच्या डॉक्टरसाहेबांशी बोला" हे वाक्य बायकोच्या तोंडून गेलं तर त्याला वजन असतं.

जखमी झाला तर पुढं काय

ही गोष्ट बोलायला जड आहे, पण माहिती असलेली बरी. जखमी जवानाकडं सगळ्यात आधी पोचतो तो त्याचा सोबती. प्रत्येक तुकडीत प्रथमोपचार शिकवलेले काही जवान असतात. ते रक्त थांबवतात. मग आर.एम.ओ.ची जागा, रेजिमेंटल एड पोस्ट. तिथं श्वास, रक्त, वेदना एवढं सांभाळून त्याला मागं पाठवतात. पुढं फील्ड हॉस्पिटल, तिथं तातडीचं ऑपरेशन. त्याच्या मागं मोठी हॉस्पिटलं. पुण्याचं कमांड हॉस्पिटल त्यातलंच एक, मुंबईचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटलही तसंच. गरज पडली आणि हवामान असलं तर हेलिकॉप्टर थेट मोठ्या हॉस्पिटलात नेतं.

म्हणून फोनवर "अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी हलवलं" असं ऐकलं तर लगेच धीर सोडू नका. हलवणं ही ठरलेली पद्धत आहे. आपला नंबर, हुद्दा, युनिटचं नाव एका वहीत लिहून ठेवा. काही अडलं तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. निवृत्तांसाठी १ एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये निवृत्त जवान आणि त्याच्या पत्नीवर उपचार होतात. कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. निवृत्तीनंतरचा घरचा डॉक्टर तोच.

बारावीतल्या पोरीसाठी

आता त्या मुलीचं उत्तर. ए.एफ.एम.सी.साठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावी करायची, नीट द्यायची. प्रवेशाच्या वेळी ए.एफ.एम.सी.चा पर्याय नोंदवायचा. गुण चांगले असतील तर पुण्याला बोलावतात. इंग्रजी आणि तर्काची एक परीक्षा होते, मुलाखत होते, शरीराची तपासणी होते. लग्न झालेलं चालत नाही, तेव्हा घरच्यांनी घाई करू नये. दीडशेच्या आत-बाहेर जागा असतात, त्यात मुलींसाठी ३०. फी नसते. पण करार असतो. शिकून झाल्यावर काही वर्षं सैन्यात नोकरी करायचीच, मध्ये सोडली तर मोठी रक्कम भरावी लागते. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका. ए.एफ.एम.सी.त आणि मुंबईच्या अश्विनीत मुलींसाठी चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगही आहे. तिथून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी होता येतं.

मुलींना तिथं वाव आहे का? पुनीता अरोरा ए.एफ.एम.सी.च्या. २००४ साली देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. माधुरी कानिटकर तिथल्याच, लहान मुलांच्या डॉक्टर. त्याही लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४ मध्ये आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या. आणि २०२३ च्या डिसेंबरात कॅप्टन गीतिका कौल सियाचीनला नेमलेल्या पहिल्या महिला डॉक्टर ठरल्या.

पण पोरीला मी दुसरी बाजूही सांगितली. बदल्या आपल्या हातात नसतात. सणाला घर नसतं. आणि ज्याच्याबरोबर काल जेवलो, त्यालाच आज स्ट्रेचरवर बघावं लागतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरी नीट देणारच आहे."

जाता जाता वहिनीचं सांगते. तिनं तात्यांच्या अंगणातूनच फोन लावला होता. मालक आधी चिडले, "गावभर केलंस का?" म्हणाले. मग तात्यांनी फोन घेतला आणि फौजी भाषेत दोनच वाक्यं बोलले. संध्याकाळी ते एम.आय. रूमला गेले. छाती साफ निघाली. डॉक्टरनं तीन दिवस आराम दिला आणि वर जायची तारीख पुढं ढकलली. डॉक्टर कोण होता म्हणून वहिनीनं विचारलं, तर मालक म्हणाले, "नवीन आहे, पोरगेलासा. पण आधी तुझंच विचारलं. घरी सगळं बरं आहे ना म्हणून."

मैत्रिणींनो, तुमच्या घरचं कुणी फौजेत असेल तर आज रात्री फोनवर चार गोष्टी विचारा. वर पोचल्यावर किती दिवस थांबलास? धाप, खोकला, डोकेदुखी आहे का? मोजे कोरडे असतात का? झोप लागते का? आणि एकाचंही उत्तर बरं नसेल तर पाचवी गोष्ट, "डॉक्टरला सांगितलंस का?"

पुढच्या वेळी ग्रामसभेत टी.सी.एल. पावडरीचं काय झालं ते सांगेन. नमस्कार.